मदत हवी आहे: सायकलिंगच्या जोडीला पळायला लागलो आणि नडगी धरली

नमस्कार मंडळी. वय 43, पुण्यात राहतो. चार वर्षं हौसेने सायकल चालवतोय. रविवारी खडकवासला, अंगात जोर असला तर सिंहगडाचा घाट. पावसाळ्यात ओले रस्ते आणि पाण्याखालचे खड्डे नकोत, म्हणून जूनपासून आठवड्यातून तीनदा तळजाईवर पळायला लागलो. सायकलवर हाडांना भार मिळत नाही, पळण्याने तो मिळतो, हेही मनात होतंच.

अडचण अशी की मला दमच लागत नाही. 5 किलोमीटर सहज झाले, म्हणून तिसऱ्याच आठवड्यात 8 वर गेलो. छाती तयार होती, पाय नव्हते. आता उजव्या नडगीच्या आतल्या कडेला, घोट्याच्या चार बोटं वर, दाबलं की ठणका लागतो. सकाळी पलंगावरून उतरलं की पहिली दहा पावलं जड जातात, मग मोकळं होतं. सायकल चालवताना मात्र काहीच नाही!

पळणं बंद केलंय. हाडाला बारीक चीर नाही ना, हे डॉक्टरांकडून या आठवड्यात तपासून घेणारच आहे. तुमच्याकडून हवाय तो अनुभव. सायकलवाल्यांनी परत सुरुवात कशी केली? एक मिनिट पळणं, दोन मिनिटं चालणं असं? घाट चढलेल्या दुसऱ्या दिवशी पळता का? पोटऱ्यांसाठी टाचा उचलण्याचा व्यायाम किती करता? पळणं मला मनापासून आवडायला लागलंय, सोडायचं नाहीये.