ऑनलाइन शिक्षक-प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र: पैसे भरण्याआधी काय तपासाल? (अनुभव धागा)

कोकणातल्या बऱ्याच गावांतून बी.एड. कॉलेज गाठायचं म्हणजे दोन एसटी बदलाव्या लागतात. त्यामुळे ‘घरबसल्या सहा महिन्यांत सरकारमान्य शिक्षिका व्हा’ ही जाहिरात इथे पटकन लागू पडते. ज्यांचं रोजचं काम या कागदांशी आहे, त्यांनी लिहा. आपबीती नको, नेमकं काय आणि कुठे बघायचं ते सांगा.

चिपळूण, प्रवेश मार्गदर्शन
आधी नोकरी कुठली हवी ते ठरवा. पहिली ते पाचवीला डी.एल.एड. (प्राथमिक शिक्षकाची पदविका) आणि टीईटीचा, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षेचा, पेपर एक लागतो. या वर्गांसाठी बी.एड. ही पात्रता नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२३ ला स्पष्ट केलं. तरीही ‘प्राथमिकसाठी बी.एड.’ म्हणून सीट विकणारे आहेतच.

एनसीटीई म्हणजे शिक्षक-प्रशिक्षणाच्या कोर्सना मान्यता देणारी केंद्राची परिषद. तिच्या २०१४ च्या नियमांत बी.एड. दोन वर्षांचं आहे. वर्षाला कामाचे २०० दिवस, आठवड्याला ३६ तास, एकूण २० आठवडे शाळेत इंटर्नशिप आणि त्या इंटर्नशिपला ९० टक्के हजेरी. ही हजेरी मोबाईलवर लागत नाही. पूर्ण ऑनलाइन बी.एड. असा प्रकारच त्या नियमांत नाही. दूरस्थ बी.एड. आहे, पण ते सेवेतल्या प्रशिक्षित प्राथमिक शिक्षकांसाठी किंवा आधी शिक्षक-प्रशिक्षणाचा एखादा मान्य कोर्स वर्गात बसून केलेल्यांसाठी. नुकतीच बी.ए. झालेल्या मुलीला ‘डिस्टन्सने करून देतो’ म्हणाले, की बोलणं तिथेच थांबवा.

रत्नागिरी, कागदपत्र पडताळणी
‘संस्था मान्यताप्राप्त आहे का?’ एवढंच विचारून फसगत होते. मान्यता कोर्सला असते, तीही ठरलेल्या पत्त्यावर. एनसीटीईच्या संकेतस्थळावर पश्चिम विभागीय समितीच्या यादीत महाराष्ट्र उघडा, संस्थेचं नाव शोधा आणि मान्यतेचा आदेश मागून तीन गोष्टी ताडून बघा: कोर्सचं नाव, प्रवेशक्षमता, पत्ता. डी.एल.एड.ची मान्यता दाखवून बी.एड.ची फी घेतात. कधी आदेशावर परराज्यातलं गाव असतं आणि ‘सेंटर’ इथे बाजारपेठेत दुकानाच्या माडीवर. आदेश जुना असेल तर मान्यता पुढे काढून घेतली आहे का, तेही बघा. मान्यता गेल्यानंतर चालवलेल्या कोर्सची पदवी सरकारी आणि अनुदानित नोकरीला ग्राह्य धरत नाहीत. एनसीटीई कायद्याचं कलम १७ तेच सांगतं.

दूरस्थ कोर्स असेल तर यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) दूरशिक्षण विभागाच्या यादीत विद्यापीठ, कोर्स आणि प्रवेशाचं वर्ष ही तिन्ही जुळायला हवीत. गेल्या वर्षीची मान्यता यंदा धरता येत नाही.

सावंतवाडी
प्रमाणपत्राचा नमुना मागून घ्या आणि उजेडात नीट वाचा. वर अशोकस्तंभासारखं चिन्ह, कोपऱ्यात सोनेरी होलोग्राम, खाली बारीक अक्षरांत ‘भारत सरकार नोंदणीकृत’. ही नोंदणी कसली? बहुतेक वेळा १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखालची, लघुउद्योगांच्या ‘उद्यम’ची किंवा नीती आयोगाच्या स्वयंसेवी संस्थांसाठीच्या दर्पण पोर्टलवरची. यातली एकही कोर्सला मान्यता देत नाही. आयएसओ ९००१ म्हणजे ऑफिसच्या कारभाराच्या पद्धतीचं प्रमाणपत्र, शिकवण्याचं नव्हे. अपोस्टिल, म्हणजे कागद परदेशात चालावा म्हणून मिळणारा सरकारी दाखला, तोही सही-शिक्क्याचा खरेपणा सांगतो, कोर्सचा नाही.

आता प्रमाणपत्रावरचा क्यूआर स्कॅन करा, पण हिरवी बरोबरची खूण बघून थांबू नका. उघडलेल्या पानाचा वेब-पत्ता वाचा. पान त्याच संस्थेच्या संकेतस्थळावर उघडत असेल, तर संस्थेने स्वतःच स्वतःला खरं म्हटलंय, एवढाच त्याचा अर्थ.

देवगड, बालवाडी
एनटीटी, म्हणजे नर्सरी शिक्षक प्रशिक्षण, याबद्दल सगळ्यात जास्त विचारणा होते. एनसीटीईच्या नियमांत पूर्वप्राथमिकसाठी दोन वर्षांची प्रीस्कूल एज्युकेशनची पदविका आहे. सहा महिन्यांची किंवा वर्षाची ऑनलाइन एनटीटी ही त्या जागी धरता येत नाही. खाजगी बालवाडी ती चालवून घेईलही, पण मग फी भरण्याआधी त्या शाळेलाच विचारा: हे प्रमाणपत्र चालेल का, आणि त्याने पगारात काय फरक पडेल? उत्तर लेखी घ्या. गाणी, मातीकाम, गोष्ट सांगणं शिकायला असे कोर्स वाईट नसतात. फक्त पात्रता म्हणून त्यांचे पैसे मोजू नयेत.

राजापूर
आखातात इंग्रजी शिकवायला जाणाऱ्यांसाठी. टेफल-टेसॉल या परभाषकांना इंग्रजी शिकवण्याच्या प्रमाणपत्रांवर जगभर मिळून एकच नियामक नाही, त्यामुळे ‘आंतरराष्ट्रीय मान्यता’ कुणीही छापतं. १२० तास हा आकडा जाहिरातीत ठळक असतो. त्यात प्रत्यक्ष वर्गावर शिकवण्याचे तास किती, ते विचारा. केंब्रिजच्या सेल्टा या इंग्रजी शिकवण्याच्या कोर्सात सहा तास प्रशिक्षकासमोर प्रत्यक्ष शिकवावं लागतं. ‘ब्रिटिश लेव्हल ५’ म्हणत असतील तर पात्रता क्रमांक मागा आणि ऑफक्वाल या इंग्लंडच्या पात्रता-नियामकाच्या नोंदवहीत स्वतः शोधा.

गुहागर
दीक्षा हे सरकारी शिक्षण-पोर्टल आणि निष्ठा हा शिक्षकांचा सरकारी प्रशिक्षण कार्यक्रम, यांची प्रमाणपत्रं खरी आहेत, पण ती सेवेतल्या प्रशिक्षणाची. त्यांनी नेमणुकीची पात्रता मिळत नाही.

अलिबाग
यादी बघूनही शंका राहिली तर एनसीटीईकडे माहिती अधिकाराचा अर्ज ऑनलाइन करा. फी १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. प्रश्न असा हवा: ‘या नावाच्या, या पत्त्यावरच्या संस्थेला या कोर्ससाठी या वर्षी मान्यता आहे का? असल्यास आदेशाची प्रत द्यावी.’ ‘संस्था चांगली आहे का?’ असं विचारलंत तर हाती काहीच लागणार नाही. पैसे भरून बसला असाल तर पावती, जाहिरातीचा स्क्रीनशॉट आणि व्हॉट्सअ‍ॅपवरचं बोलणं पुसू नका. ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवा. ऑनलाइन फसवणूक असेल तर त्याच दिवशी १९३० ला फोन करा, कारण पैसे पुढच्या खात्यात सरकण्याआधीच अडवता येतात.