जिटाच्या बाजारात माझा भाव दहा मिनिटेही टिकत नाही; खाली उतरत राहावे की थांबावे?

सक्करदरा_पायलट यांचा प्रश्न

नमस्कार. मी नागपुरात अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे आणि गेल्या आठ महिन्यांपासून ईव्ह ऑनलाइन हा अंतराळयानांचा ऑनलाइन खेळ खेळतो. लढाईपेक्षा मला व्यापारात गोडी आहे, त्यामुळे माझे पात्र खेळातली मोठी बाजारपेठ असलेल्या जिटाच्या त्या प्रसिद्ध स्थानकावर, म्हणजे चौथ्या ग्रहाच्या चौथ्या चंद्राजवळ, जवळजवळ कायमचे मुक्कामाला असते. बाय ऑर्डर लावून माल गोळा करायचा आणि त्याच स्थानकात सेल ऑर्डर लावून विकायचा, एवढाच माझा धंदा आहे.

मागच्या मंगळवारी रात्री ९ वाजून १० मिनिटांनी मी डॅमेज कंट्रोल टू या यानाला बसवायच्या उपकरणाचे ३०० नग प्रत्येकी ८,४०,००० इस्क (खेळातले चलन) या भावाने विक्रीला ठेवले. खरेदी सरासरी ७,४०,००० च्या आसपास पडली होती. सहाव्या मिनिटाला कोणीतरी ८,३९,९०० ला माल लावला. मी ८,३९,८०० केले, तर त्याने ८,३९,७०० केले. दर वेळी बरोबर १०० इस्कने खाली. जेवणाचे ताट मांडीवर घेऊन मी हा खेळ ११ वाजेपर्यंत चालवला; त्यात १४ वेळा भाव बदलला, शेवटी ८,३७,२०० वर आलो आणि एवढ्या खटपटीनंतर माझे केवळ ४१ नग विकले गेले. आई दोनदा येऊन विचारून गेली की परीक्षा आहे का.

माझ्या शंका अशा. समोरचा माणूस आहे की त्याने संगणकाला कामाला लावले आहे? दुसऱ्याच्या भावाखाली असे चिकटून बसणे प्रामाणिक व्यापारात मोडते का? आणि या मालाचे जे आठ-दहा मोठे विक्रेते रोज दिसतात, त्यांना संदेश पाठवून ‘८,४०,००० च्या खाली कोणीही जायचे नाही’ असे ठरवून घेता येईल का? माझे ब्रोकर रिलेशन्स हे दलाली कमी करणारे कौशल्य चौथ्या पातळीवर आहे, त्याच्या पुढचे प्रगत कौशल्य मी अद्याप घेतलेले नाही.

इतवारीचा_हिशेबनीस यांचे उत्तर

तुम्ही आकडे व्यवस्थित दिलेत, म्हणून उत्तर देणे सोपे झाले. मात्र ज्या आकड्याने तुमचे नुकसान केले, तो तुमच्या प्रश्नात आलेलाच नाही. तुमचा भाव दोन तासांत ८,४०,००० वरून ८,३७,२०० वर आला, म्हणजे नगामागे २,८०० इस्क गेले. टक्केवारीत हे एक तृतीयांश टक्काच भरते. आता दलाली पाहा. एनपीसी स्थानकात, म्हणजे खेळाडूंच्या नव्हे तर खेळाच्याच मालकीच्या स्थानकात, मूळ दलाली ३ टक्के असते आणि ब्रोकर रिलेशन्सच्या प्रत्येक पातळीमागे ती ०.३ टक्क्यांनी उतरते, म्हणून तुम्हाला साधारण १.८ टक्के पडते. भाव बदलताना या दलालीचा काही भाग पुन्हा द्यावा लागतो. प्रगत कौशल्य नसेल तर निम्मा, म्हणजे ०.९ टक्के, आणि तोही न विकलेल्या सगळ्या मालाच्या किमतीवर. तुमच्याकडे त्या वेळी सरासरी २८० नग शिल्लक होते असे धरू. त्यांची किंमत साडेतेवीस कोटींच्या घरात जाते, आणि त्याचे ०.९ टक्के म्हणजे दर बदलाला २१ लाख. चौदा बदलांचे मिळून २ कोटी ९५ लाखांच्या आसपास गेले. तीनशे नगांवर तुम्हाला एकूण ३ कोटी सुटणार होते, तेही विक्रीकर न धरता. समोरच्याने तुमचा नफा खाल्ला असे तुम्हाला वाटते, पण तो तुम्ही स्वतःच्या हाताने दलालाच्या गल्ल्यात टाकलेला आहे. वॉलेटची नोंद उघडून पडताळून पाहा.

जुन्या खेळाडूंना ही सवय का लागली आणि ती अजून का सुटत नाही, तेही सांगतो. मार्च २०२० पूर्वी भाव इस्कच्या शंभराव्या भागाने खाली करता येत असे आणि भाव उतरवायला प्रत्येक वेळी फक्त १०० इस्क लागत. त्यामुळे जो पडद्यासमोर अधिक वेळ बसेल त्याचा माल विकला जाई. भाव प्रत्यक्षात खाली येतच नसे, रांगेतला क्रम तेवढा बदलत राही. तो प्रकार थांबवण्यासाठी खेळ बनवणाऱ्या कंपनीने दोन गोष्टी केल्या. एक म्हणजे किमतीचे पहिले चार अंकच मोजायचे, पुढे सगळी शून्ये. म्हणून आठ लाखांच्या मालाला सर्वांत लहान पायरी १०० इस्कची आणि एक कोटी तेवीस लाखांच्या मालाला १०,००० ची. दुसरी गोष्ट म्हणजे वर सांगितलेली फेरदलाली. हे दोन्ही नियम एकत्र वाचले तर लक्षात येते की तुम्ही प्रत्येक वेळी नगामागे साडेसात हजार इस्क दलाली भरून २०० इस्कची सूट देत होता. असा दुकानदार इतवारीत एक आठवडाही टिकणार नाही.

समोर यंत्र आहे का, याविषयी. बाजाराची माहिती बाहेरच्या प्रणालींना मिळते, पण ती पाच पाच मिनिटांनी ताजी होते आणि त्या वाटेने ऑर्डरचा भाव बदलता येत नाही. बदल खेळाच्या खिडकीतूनच करावा लागतो. खेळाची खिडकी यंत्राने चालवणे नियमबाह्य आहे आणि त्यासाठी खाती बंद होतात. शिवाय एकदा भाव बदलल्यावर पाच मिनिटे तीच ऑर्डर पुन्हा बदलता येत नाही, त्यामुळे माणसाचा वेगही यंत्रासारखा नियमित दिसतो. त्याला तुम्हीही यंत्रच वाटला असाल.

वेळेचाही विचार करा. आपल्याकडे रात्रीचे नऊ वाजतात तेव्हा युरोपातला नोकरदार अजून कचेरीत असतो. खरी गर्दी आपल्या साडेअकरानंतर सुरू होते. गिऱ्हाईक यायच्या आधीच दोघे दुकानदार एकमेकांवर ओरडत बसले होते, असे हे झाले.

कळमना_रोड यांचे उत्तर

वरचा हिशेब बिनचूक आहे, पण प्रामाणिकपणाच्या प्रश्नाला कोणी हात लावलेला नाही, म्हणून लिहितो. आमच्या घरात दोन पिढ्या संत्र्याची आडत आहे. आंबिया बहाराची आवक वाढली की कळमन्यात गाड्यांची रांग लागते आणि हर्रासात सकाळचा भाव दुपारपर्यंत टिकेल याची हमी कोणी देत नाही. शेजारच्या आडत्याने भाव उतरवला म्हणून माझ्या आजोबांनी कधी कोणाला अप्रामाणिक म्हटलेले मला आठवत नाही. ते म्हणत, “माल त्याचा, भाव त्याचा, आपन आपली गाडी पाहावं.” भाव पाडणे आणि माप मारणे या त्यांच्या लेखी दोन निराळ्या गोष्टी होत्या, आणि दुसरीला मात्र माफी नव्हती.

तरीही संत्र्याच्या बाजारातला नियम जसाच्या तसा जिटाला लावू नये. संत्रे थांबत नाही. ज्याच्या गाडीतला माल दोन दिवसांचा झाला, त्याला संध्याकाळपर्यंत विकावेच लागते, आणि बर्डीवरचा हातगाडीवाला दिवे लागल्यावर डझनाचा भाव उतरवतो तो याच कारणाने. डॅमेज कंट्रोल सडत नाही. तुमची ऑर्डर ९० दिवस जशीच्या तशी पडून राहू शकते. म्हणजे घाई मालाला नाही, तुम्हाला आहे. पैसा अडकून पडतो ही घाई खरी, पण तिची किंमत रोज काढावी लागते आणि ती काढल्याशिवाय भावाला हात लावू नये.

आणखी एक विक्रेता तुम्हाला पुढे भेटेल, त्याच्यापासून सावध राहा. तो स्वतः लघुग्रह खोदून खनिज आणतो, स्वतःच माल बनवतो आणि खनिजाच्या बाजारभावापेक्षाही कमी दराने विकतो, कारण त्याच्या मते खोदलेले खनिज फुकटचे असते. तेच खनिज न वापरता विकले असते तर जास्त पैसे आले असते, हे त्याला कोणी समजावू शकलेले नाही. आपल्याकडेही घरच्या माणसांची मजुरी न धरता ‘शेतीत यंदा फायदा झाला’ म्हणणारे पुष्कळ आहेत, तेव्हा हसण्यात अर्थ नाही. अशा माणसाशी भावात उतरू नका. त्याचा माल थोडा असेल तर सरळ विकत घ्या आणि आपल्या भावाने पुन्हा लावा. समोर दिसणारा माल थेट उचलताना खरेदीदाराला दलाली पडत नाही. माल फार असेल तर तो संपेपर्यंत दुसऱ्या वस्तूकडे वळा.

धरमपेठ_कॉमर्स यांचे उत्तर

मी महाविद्यालयात वाणिज्य शिकवतो आणि फावल्या वेळात ओल्ड स्कूल रूनस्केप हा दुसरा ऑनलाइन खेळ खेळतो, म्हणून संगनमताच्या शंकेपुरते लिहितो. ज्योसेफ बर्ट्रांड या फ्रेंच गणितज्ञाने १८८३ साली असा युक्तिवाद मांडला की दोन विक्रेत्यांचा माल तंतोतंत सारखा असेल आणि ते भावावरच स्पर्धा करत असतील, तर भाव उत्पादनखर्चापर्यंत घसरतो. खऱ्या बाजारात माल तंतोतंत सारखा क्वचितच असतो. तुमच्या खेळात मात्र प्रत्येक डॅमेज कंट्रोल टू दुसऱ्याची हुबेहूब प्रत असतो. विक्रेत्याची ओळख, उधारी, गोड बोलणे यांतले काहीच गिऱ्हाइकाला दिसत नाही.

अशा ठिकाणी भाव ठरवून घेणे खेळाच्या नियमात बसते की नाही हा पुढचा प्रश्न, ते आधी टिकणारच नाही. आपल्या देशात विक्रेत्यांनी संगनमताने भाव ठरवणे स्पर्धा अधिनियम, २००२ च्या कलम ३ खाली येते. तुमच्या जिटात असा कायदा नसला, तरी करार मोडणाऱ्याला शिक्षा करण्याची सोयही नाही. आठ जणांनी ८,४०,००० चा शब्द दिला की त्यांतलाच एक जण दुसऱ्या पात्राच्या नावाने ८,३९,९०० ला बसेल आणि गटात सगळ्यांत मोठ्याने निषेधही तोच करील.

आमच्या खेळातल्या ग्रँड एक्स्चेंज या बाजारात हे भांडण या रूपात होत नाही, कारण तिथे इतरांच्या विक्रीच्या किमतींची यादीच दाखवत नाहीत. भाव चाचपण्यासाठी एक नग मुद्दाम चढ्या किमतीला घ्यावा लागतो आणि मुद्दाम उतरत्या किमतीला विकावा लागतो. समोरचा दिसत नसला की त्याच्यावर थोडक्या फरकाने मात करण्याची खुमखुमीही उरत नाही.

सक्करदरा_पायलट

सर्वांचे मनापासून आभार. हिशेबनीस दादा, वॉलेटची नोंद उघडली. तुमचा अंदाज २ कोटी ९५ लाखांचा होता, माझ्या नोंदीत २ कोटी ९३ लाख निघाले. रात्री बारा वाजता ते पाहून मी काही काळ नुसता बसून राहिलो. या ३०० नगांत आता तोटाच आहे, तो मान्य केला.

काल एक प्रयोग केला. उरलेल्या २५९ नगांचा भाव एकदाच बदलून ८,२१,००० केला, तोही रात्री साडेअकराला, आणि पडदा बंद केला. आधी हे पाहून घेतले की माझ्या खालचा भाव लावणाऱ्याला विक्रीकर आणि दलाली वजा जाता किती उरेल; फारसे काही उरत नव्हते. सकाळी पाहिले तर १७३ नग गेले होते. तोच जुना विक्रेता माझ्याखाली ८,२०,९०० वर बसलेला होता, पण त्याच्याकडे केवळ ४० नग होते. सर, संदेश लिहून तयार होता, तो पाठवला नाही. चाळीस नग विकत घ्यावेत का, असा विचार मनात आला. मग साडेनऊचे प्रात्यक्षिक आठवले आणि ऑर्डर आहे तशी ठेवून निघालो.

इतवारीचा_हिशेबनीस

ते ४० नग घेऊ नका. तुमच्या आणि त्याच्या भावात १०० इस्कचे अंतर आहे, तेव्हा घेऊन पुन्हा विकण्यात दलालीही निघणार नाही. ते विकले गेले की तुमचाच नंबर आहे. आणि पुढचा माल भरण्यापूर्वी प्रगत ब्रोकर रिलेशन्स शिकायला लावा. पाचव्या पातळीला फेरदलालीतली सूट ५० टक्क्यांवरून ८० टक्क्यांवर जाते. मूळ कौशल्यही पाचवर नेलेत, तर हा ०.९ चा आकडा ०.३ वर येईल.