मदत हवी आहे: फरशीचं लिक्विड त्वचेला, डोळ्यांना किती घातक, हे कुठं तपासायचं?

नमस्कार मंडळी. खानापूर तालुक्यात आमचा महिला बचत गट फरशी पुसायचं लिक्विड बनवतो. त्यातल्या कॉस्टिक सोड्यामुळं पीएच (आम्ल-अल्कली मोजायचं माप) १२ च्या वर जातोय. ११.५ किंवा त्याहून जास्त पीएच असला आणि उलट पुरावा नसला, तर माल त्वचा जाळणारा, डोळ्यांना गंभीर इजा करणारा धरतात. म्हणून विक्री थांबवलीय.

"हातावर लावून बघा" असा सल्ला कुणी दिला, तर तो मला अजिबात मान्य नाही. चाचणीसाठी सशांच्या डोळ्यांत घालणंही नको.

प्रयोगशाळेत वाढवलेल्या मानवी त्वचेवर जळजळीसाठी ओईसीडी या आंतरराष्ट्रीय संघटनेची ४३९ नंबरची आणि त्वचा जळते का यासाठी ४३१ चाचणी असते. बेळगाव, हुबळी, कोल्हापूरकडं कुणी करून देतं का? खर्च किती? कॉस्टिक कमी केलं तर मळ निघेल का, तेही जाणकारांनी सांगा.