शंभरातले ५९ सामने बरोबर ओळखूनही पैसे का गेले?

एडिसनकर

नमस्कार. मी न्यू जर्सीत राहतो. इथे २०१८ पासून खेळांवर पैज लावणे कायदेशीर आहे. गेल्या मोसमात मी मेजर लीग बेसबॉलच्या नेमक्या १०० सामन्यांवर पैजा लावल्या आणि प्रत्येकीची नोंद वहीत ठेवली. माझी पद्धत साधी होती. दोन्ही संघांची त्या दिवसापर्यंतची कामगिरी पाहायची, कोणता पिचर (चेंडू फेकणारा खेळाडू) सुरुवात करणार आहे ते पाहायचे आणि जो संघ जिंकेल असे वाटेल त्याच्यावर दहा डॉलर सुटतील इतकी रक्कम लावायची. मी बहुतेक वेळा वरचढ संघच निवडत असल्यामुळे भाव साधारण उणे १६० असे, म्हणजे दहा डॉलर मिळवण्यासाठी सोळा डॉलर लावावे लागत.

१०० पैकी ५९ सामने बरोबर आले. शेजारच्या क्रिकेटवेड्या मित्राला सांगितले तेव्हा त्याने पाठ थोपटली. पण मोसम संपल्यावर वहीतली बेरीज केली तर ६६ डॉलर पदरचे गेले होते. रक्कम मोठी नाही, पण विजेता ओळखण्यात मी नेमका कुठे कमी पडतो आहे, हे जाणकारांनी सांगावे.

हिशोबनीस

विजेता ओळखण्यात आपण कमी पडलेला नाहीत, आणि खरी मेख तिथेच आहे.

आधी आपली बेरीज पडताळू. ५९ वेळा दहा डॉलर म्हणजे ५९० आले. ४१ वेळा सोळा डॉलर म्हणजे ६५६ गेले. उणे १६० या भावाला नुसते बरोबरीत सुटायचे असेल तरी २६ पैकी १६ वेळा, म्हणजे सुमारे ६१.५ टक्के वेळा जिंकावे लागते. आपण ५९ वर थांबलात.

आता समोरच्या संघाचा भाव घ्या. वरचढ संघ उणे १६० असेल तेव्हा दुसरा साधारण अधिक १४० वर मिळतो, म्हणजे दहा डॉलर लावले तर चौदा सुटतात, आणि त्या भावातून ४१.७ टक्के शक्यता निघते. दोन्हींची बेरीज १०३.२ होते. सामना एकच, कोणीतरी एकच जिंकणार, तरी शक्यतांची बेरीज शंभराच्या वर जाते, कारण वरचे ३.२ ही बुकीची कमाई असते. ती काढून टाकली की वरचढ संघाची शक्यता ५९.६ टक्के उरते. आपले ५९ या आकड्याच्या शेजारी ठेवून पाहा. मोसमभर अभ्यास करून आपण जे ओळखलेत ते बाजाराला आधीच ठाऊक होते आणि भावात ते मोजून घातलेले होते. जे सगळ्यांना कळते ते कळवून घेण्याचे शुल्क म्हणून आपण ६६ डॉलर दिलेत, असे समजा.

म्हणून ‘कोण जिंकेल’ हा प्रश्न अर्धाच आहे. या संघाची शक्यता या भावात दिसते त्यापेक्षा जास्त आहे का, हा खरा प्रश्न. अधिक १४० वर मिळणारा संघ शंभरात ४४ वेळा जिंकत असेल, तर तो बहुतेक वेळा हरत असूनही चांगली पैज ठरतो.

जुना प्रेक्षक

हिशोबनीसांचे गणित चोख आहे, पण ती ‘जास्त शक्यता’ शोधायची कुठे, हे मी माझ्या समजुतीप्रमाणे सांगतो.

पहिली गोष्ट, बेसबॉलमध्ये वरचढ संघसुद्धा फार वरचढ नसतो. मोसमात १६२ सामने असतात. सिअॅटल मरिनर्सने २००१ मध्ये ११६ सामने जिंकले, तरी ते ४६ हरले. शिकागो व्हाइट सॉक्सने २०२४ मध्ये १२१ सामने हरून नकोसा विक्रम केला, तरी त्यांनीही ४१ जिंकले. क्रिकेट पाहणाऱ्या डोळ्यांना हे पचायला वेळ लागतो.

दुसरी गोष्ट, संघाची जय-पराजयाची नोंद फसवी असते. मरिनर्सचेच २०२१ चे उदाहरण घ्या: ९० विजय, ७२ पराभव, पण मोसमभरात त्यांनी केलेल्या धावा दिलेल्या धावांपेक्षा ५१ ने कमी. निसटते सामने जिंकण्याचे कसब म्हणून लोक ज्याचे कौतुक करतात त्यातला बराचसा भाग पुढच्या महिन्यात हाताला लागत नाही. म्हणून मी विजयांआधी धावांचा फरक पाहतो.

पिचरच्या बाबतीत तर नोंद आणखी फसवी असते, कारण सामन्याचा जय-पराजय एखाद्या पिचरच्या नावावरही लिहितात. न्यूयॉर्क मेट्सच्या जेकब डीग्रॉमने २०१८ मध्ये क्षेत्ररक्षकांच्या चुकांनी गेलेल्या धावा सोडून नऊ डावांमागे केवळ १.७० धावा दिल्या आणि सर्वोत्तम पिचरचा साय यंग पुरस्कार मिळवला, पण त्याची स्वतःची नोंद होती १० विजय आणि ९ पराभव, आणि त्याने सुरुवात केलेल्या ३२ सामन्यांपैकी संघाने जिंकले केवळ १४. फलंदाजांनी धावाच केल्या नाहीत तर तो बिचारा काय करणार? आणि लोक मात्र त्याच्या नावावर चढा भाव देऊन पैसे लावत राहिले. पिचर पाहायचा तर त्याने किती फलंदाजांना तीन स्ट्राइकवर बाद केले, किती जणांना चार चुकीचे चेंडू टाकून फुकट पहिल्या बेसवर पाठवले आणि किती होम रन (थेट मैदानाबाहेर गेलेले फटके) दिले हे पाहावे, कारण त्यात क्षेत्ररक्षकांचा हात नसतो.

शिवाय हल्ली सुरुवातीचा पिचर अनेकदा नऊपैकी पाच-सहा डावांतच मैदान सोडतो. उरलेला सामना बुलपेनच्या, म्हणजे राखीव पिचरांच्या, हाती असतो, आणि आदल्या दोन रात्री तीच मंडळी राबली असतील तर आज कोण उपलब्ध आहे, हे खेळाडूंची यादी बघून कळत नाही, आदल्या दिवसांचे धावफलक उघडावे लागतात. रात्रीच्या सामन्यानंतर दुसऱ्या दिवशी दुपारी सामना असेल तर मुख्य कॅचरला (फलंदाजामागे चेंडू झेलणाऱ्याला) बहुधा विश्रांती देतात. असल्या बारीकसारीक गोष्टींत थोडेफार काही सापडते. पैज लावताना ‘जाहीर झालेला पिचर उतरला तरच’ ही अट लागू आहे की नाही तेही वाचावे, कारण याचा नियम ठिकाणागणिक वेगळा असतो.

डेन्व्हरचे मैदान समुद्रसपाटीपासून सुमारे ५,२०० फूट उंचावर आहे आणि तिथल्या विरळ हवेत चेंडू लांब जातो, हे सगळे सांगतात. पण ती हवा दोन्ही संघांना सारखीच असते. एकूण धावांवर पैज लावणाऱ्याला तिचा जितका उपयोग, तितका विजेता निवडणाऱ्याला नाही.

एडिसनकर

दोघांचे मनापासून आभार. उणे १६० ऐवजी दीड धावेच्या फरकाने, म्हणजे किमान दोन धावांनी, जिंकण्याची पैज घेतली तर भाव बराच चांगला मिळतो. तो मार्ग कसा?

हिशोबनीस

चांगला भाव फुकट मिळत नाही. यजमान संघ नवव्या डावाच्या पूर्वार्धानंतर पुढे असेल तर तो उरलेली फलंदाजी करतच नाही, आणि शेवटच्या डावात त्याने बरोबरी मोडून आघाडी घेतली तर विजयी धाव येताच सामना संपतो. म्हणजे यजमानाला आघाडी दोन धावांवर नेण्याची संधीच कमी मिळते. घरच्या मैदानावरच्या वरचढ संघावर ही पैज घेताना हे विसरू नये.

आणखी एक. १०० सामन्यांवरून कोणताही निष्कर्ष काढू नका. खरी शक्यता ६० टक्के असतानाही १०० सामन्यांत ५० पासून ७० पर्यंत कोणताही आकडा निव्वळ योगायोगाने येऊ शकतो. आपण घेतलेला भाव आणि सामना सुरू होताना असलेला शेवटचा भाव शेजारी शेजारी लिहा. उणे १४० ला घेतलेला संघ वारंवार उणे १५५ वर बंद होत असेल तर आपल्याला काही तरी आधी दिसते आहे. उलट होत असेल तर वरातीमागून घोडे चालले आहे, मग त्या महिन्यात नफा झालेला असला तरी.

करसल्लागार नाही

एक रूक्ष मुद्दा. अमेरिकेत जिंकलेली रक्कम उत्पन्नात धरतात, पण हरलेल्या रकमेची वजावट केवळ तपशीलवार वजावटी दाखवणाऱ्यालाच मिळते. आपल्यासारखे बहुतेक नोकरदार प्रमाणित वजावट घेतात, त्यांना ती मिळत नाही. तपशील देणाऱ्यांसाठीही २०२६ पासून ती हरलेल्या रकमेच्या ९० टक्क्यांपर्यंतच आहे. म्हणजे बरोबरीत सुटलेला माणूसही करापोटी तोट्यात जाऊ शकतो.

सदाशिव पेठ

पुण्याहून वाचतो आहे. माझा आतेभाऊ तिकडेच असतो. त्याला पैसे पाठवून माझ्या वतीने पैज लावायला सांगितली तर चालेल का?

जुना प्रेक्षक

कृपया तसे करू नका. भारतात २०२५ च्या ऑनलाइन गेमिंग कायद्याने पैशांच्या ऑनलाइन खेळांवर आणि त्यासाठीच्या बँक व्यवहारांवर बंदी आली आहे. शिवाय दुसऱ्याच्या पैशाने त्याच्या वतीने पैज लावणे इकडेही नियमात बसत नाही. आतेभावाला विनाकारण अडचणीत आणाल. सामने पाहा, अंदाज वहीत लिहा, त्याला पैसे लागत नाहीत.

एडिसनकर

वहीत दोन नवे रकाने आखले आहेत. एकात भाव पाहण्याआधी माझा स्वतःचा टक्का लिहितो, दुसऱ्यात शेवटचा भाव. काल यजमान संघासाठी ५७ लिहिले आणि मग भाव उघडला तर उणे १६०. पैज लावली नाही. तो संघ सात-दोनने जिंकला, आणि बायकोने विचारलेच, की मग एवढा अभ्यास कशासाठी करता.

जुना प्रेक्षक

५७ लिहिलेत तेव्हा दोन्ही संघांचे अंतिम नऊ जण जाहीर झाले होते का? झाले नसतील तर त्यासाठी वेळेचा तिसरा रकानाही आखा.