पोच घेतलीत का? गावासाठी खटपट करणाऱ्या बायकांचे अनुभव

गेल्या आठवड्यात आमच्या बोळातला दिवा लागला. चार महिने मी वायरमनला तोंडी सांगत होते आणि तो "उद्या टाकतो ताई" म्हणत होता. शेवटी मुख्याधिकाऱ्यांच्या नावे अर्ज लिहिला, दोन प्रती काढल्या आणि नगरपरिषदेच्या बारनिशीत, म्हणजे आवक-जावक टेबलावर, गेले. तिथल्या बाईंनी एक प्रत ठेवून घेतली. दुसरीवर गोल शिक्का मारला, आवक क्रमांक, तारीख टाकली. हीच पोच. नवव्या दिवशी शिडी आली. घरी मात्र त्या दिवसापासून मला 'नगराध्यक्षीणबाई' म्हणतात. तुमच्यापैकी कोणी असले उद्योग करत असाल तर लिहा. फसलेलेही चालतील.

*

माझा पहिला माहिती अधिकाराचा अर्ज म्हणजे दोन पानी संताप होता. महाराष्ट्रात तो एकाच विषयावर आणि 150 शब्दांत बसवावा लागतो, हे तेव्हा कुठे ठाऊक! परत आला. मग दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून एवढंच मागितलं: आमच्या गल्लीतल्या गटाराच्या कामाची मोजमाप पुस्तिका. 30 दिवसांत काहीच आलं नाही, पहिलं अपील केलं, तेव्हा कुठे झेरॉक्स मिळाली. त्यात गटार 120 मीटर. मी शिवणाची टेप घेऊन भर दुपारी गटाराकाठी वाकून मोजायला लागले. सासूबाईंनी टेपचं दुसरं टोक धरलं, वर पदर डोक्यावर घेऊन, कारण समोर ठेकेदाराचंच घर. भरलं 86. पुढे वसुली वगैरे काही झाली नाही. उरलेलं गटार मात्र पावसाळ्याआधी गुपचूप बांधून झालं.

*

फसलेलं सांगते. आमच्या वॉर्डातलं दारूचं दुकान बंद करायला आडवी बाटली, म्हणजे बायकांचं मतदान, केली होती: आडव्या बाटलीला मत म्हणजे दुकान बंद, उभीला म्हणजे चालू. मतदानाची मागणी करायला वॉर्डातल्या 25 टक्के महिला मतदारांच्या सह्या लागतात. आमच्याकडे 1,140 बायका, म्हणजे 285 सह्या. आम्ही 330 जमवल्या. मग पडताळणी. काही जणींनी साहेबांसमोर "मी सही केलीच नाही" म्हटलं. नवरा शेजारी उभा, काय करतील बिचाऱ्या! तरी निभावलं.

मतदानाच्या दिवशी शेतावर जायच्या आधी बायका रांगेत लागल्या होत्या. आडव्या बाटलीला 548 मतं पडली, उभीला जेमतेम तीस. आणि आम्ही हरलो! झालेल्या मतदानाच्या निम्मी नाही, यादीतल्या एकूण महिलांच्या निम्म्याहून जास्त मतं लागतात. म्हणजे 571. यादी चाळली तर लग्न होऊन गेलेल्या, पुण्याला कामाला असलेल्या, दोन तर वारलेल्या. जी आली नाही तिचं मत उभ्या बाटलीलाच पडल्यासारखं. 23 मतं, बायांनो. पुन्हा करणार असाल तर सह्यांच्या आधी मतदार यादी दुरुस्त करून घ्या.

*

मी नगरसेविका होते, एक टर्म. 2011 मध्ये आरक्षण 50 टक्के झालं म्हणून तिकीट मिळालं, हे मान्य करायला मला लाज नाही. फ्लेक्सवर माझ्यापेक्षा आमच्या ह्यांचा फोटो मोठा होता. लोक दारात येऊन मलाच विचारायचे, "साहेब आहेत का?" सुरुवातीला मी आत हाक मारायचे. नंतर म्हणायला लागले, "मीच आहे, बोला."

*

अर्जाचं सगळं पटतं, पण किंमतही सांगा ना. शेजाऱ्यांनी रस्त्यावर ओटा काढला, मी तक्रार दिली. ओटा तुटला. सहा वर्षं झाली, त्यांच्याकडचं हळदीकुंकवाचं बोलावणं नाही. तक्रार बरोबरच होती, पण संक्रांतीला अजून वाईट वाटतं.

*

वरची बारनिशी वाचून लिहावंसं वाटलं. आई गेल्यावर तिची ट्रंक उघडली. साड्यांखाली प्लास्टिकच्या पिशवीत सगळ्या पोचा, तारखेप्रमाणे लावलेल्या. पहिली 1987 ची, सार्वजनिक नळाला तोटी बसवण्याबद्दल. बायकांच्या मुतारीबद्दलच सात होत्या. काहींवर मागे पेन्सिलने 'झाले' लिहिलेलं, बऱ्याच कोऱ्या. लहानपणी मला तिची फार लाज वाटायची. शाळेतून येताना ती कचेरीच्या पायरीवर बसलेली दिसली की मी दुसऱ्या रस्त्याने जायचे.

बाजारात बायकांसाठी मुतारी अजून नाही. परवा मी स्मरणपत्र दिलं, संदर्भात आईचा शेवटचा आवक क्रमांक टाकून. बारनिशीतला मुलगा तारीख बघून म्हणाला, "मॅडम, हे फार जुनं आहे."
"हो," म्हटलं, "शिक्का मारा."