जाक कालोच्या ‘पंखा’ या मुद्राचित्रातील चौकट आणि निसर्ग

ताम्रपट, पुणे
नमस्कार. आमच्या अभ्यासगटात सध्या सतराव्या शतकातील युरोपीय मुद्राचित्रांवर, म्हणजे पत्र्यावर रेषा उमटवून कागदावर छापलेल्या चित्रांवर, चर्चा चालू आहे. मुद्राचित्रकार जाक कालो याच्या १६१९ मधील ‘पंखा’ या चित्रात फ्लॉरेन्स येथे आर्नो नदीवर विणकर आणि रंगारी यांच्यात झालेली उत्सवी, लुटुपुटीची लढाई दाखवली आहे. परंतु भोवतालची वळणावळणाची महिरप इतकी ठसठशीत आहे की नजर आधी तिच्यातच गुंतते. उत्सव मुख्य विषय असताना चौकटीला एवढा मान का दिला असावा?

नदीकाठ
त्या महिरपीवर बसलेली माणसे कृपया नीट पाहावीत. नक्षीच्या वळणांचा आधार घेऊन ती आपल्यासारखीच नदीकडे पाहत आहेत. विसर्जनाची मिरवणूक पाहायला लक्ष्मी रस्त्यावरच्या सज्जांत माणसे बसतात, तशीच ही चौकट प्रेक्षकांची जागा झाली आहे. तिला निव्वळ सजावट म्हणणे मला पटत नाही.

आम्लरेषा
यात तंत्राचा वाटाही मोठा आहे. कालो तांब्याच्या पत्र्यावर मऊ मेणाच्या लेपाऐवजी वाद्ये बनवणारे कारागीर वापरत तसले कडक वार्निश वापरी आणि तिरप्या टोकाच्या हत्याराने त्या लेपात बारीक होत जाणारी किंवा फुगत जाणारी रेषा काढी. मग पत्रा आम्लात सोडला, की उघड्या पडलेल्या रेषांपुरतेच तांबे खाल्ले जाते. फिकट ठेवायच्या रेषा मध्येच झाकून उरलेला पत्रा पुन्हा आम्लात सोडला, की त्या उरलेल्या रेषा खोल खाल्ल्या जातात आणि छापताना अधिक शाई धरतात. महिरप काळीभोर आणि दूरची गर्दी धुक्यासारखी पुसट, हा फरक त्यातून साधतो. नदीचा विस्तार आणि हवेची खोली डोळ्यांना जाणवते ती त्यामुळेच.

ताम्रपट, पुणे
दोघांचेही मनापासून आभार. मग यातला निसर्ग नदीपुरताच मानायचा का?

नदीकाठ
माझ्या मते नाही. हा उत्सव २५ जुलैचा, म्हणजे तिथल्या ऐन उन्हाळ्यातला, आणि हे चित्र पंखा म्हणूनच आखलेले आहे. चित्रात कडक ऊन वेगळे रंगवलेले नाही. उकाड्यात हाती धरायच्या वस्तूचा आकारच ऋतूची आठवण करून देतो आणि तो आकार महिरपीनेच सिद्ध होतो. म्हणूनच अभ्यासगटासाठी चित्र निवडताना कडा छाटलेली प्रत घेऊ नये, पूर्ण कागद दिसेल अशीच घ्यावी.