बारावी कॉमर्स, गणित सोडलेलं. मुलीला कम्प्युटरची पदवी करायची आहे. फाउंडेशनवाली घ्यावी का?

कृष्णाकाठ
नमस्कार मंडळी. पहिल्यांदाच धागा काढतोय, चुकलं तर सांभाळून घ्या.
कराडजवळ आमचं किराणा दुकान आहे. मुलगी यंदा बारावी कॉमर्स झाली, ७१ टक्के. अकरावीला गणित नको म्हणून एसपी (सेक्रेटरियल प्रॅक्टिस) घेतलं होतं. दहावीला गणितात १०० पैकी ६४. आता म्हणते, करायचं तर कम्प्युटरच. बीएस्सी कम्प्युटरला विचारून आलो, तिथे बारावी सायन्स लागतं. बीसीएची सीईटी आम्ही भरलीच नव्हती, आम्हाला माहीतच नव्हतं. तिच्या मैत्रिणीने सांगितलं की आयआयटी मद्रासची घरबसल्या पदवी आहे, त्यात आधी फाउंडेशन असतं आणि कॉमर्सवाले चालतात. हे खरं आहे का? झेपेल का?
बजेट: पहिल्या वर्षाला फी, लॅपटॉप, येणंजाणं सगळं धरून सत्तर हजार. कर्ज काढायचं नाही. बाहेरगावी ठेवायचं नाही. मराठी माध्यमातली आहे, इंग्रजी वाचते पण बोलायला बुजते.

टकाटक_तुषार
काका, सत्तर हजारात काय होतं हल्ली? माझ्या मुलाला पुण्यात इंजिनिअरिंगला टाकलं, मॅनेजमेंट कोटा. आकडा सांगत नाही, पण दुसऱ्या वर्षालाच इंटर्नशिप लागली. एकदाच खर्च होतो, आयुष्य मार्गी लागतं. बघा.

भुईमूग
तुषारराव, कॉमर्सच्या मुलीला इंजिनिअरिंगला कोणत्या कोट्यातून टाकणार?

टकाटक_तुषार
मी एक उदाहरण दिलं.

चकली
आयआयटीएम तर पाषाणला आहे ना? माझे दीर होते तिथे. पण ते हवामानाचं आहे, ढगांचा अभ्यास करतात. तिथे कम्प्युटरची पदवी कधी सुरू झाली?

पमाताई_नाशिक
चकलीताई, ती वेगळी. कृष्णाकाठ, मी हीच पदवी करतेय. वय ४३, बीए मराठी, दोन मुलं. त्यामुळे झेपेल का हा प्रश्न माझ्यापुरता सुटलेला आहे. आता नीट सांगते.
पदवीचं नाव बीएस इन डेटा सायन्स अँड ॲप्लिकेशन्स. २०२० साली जाहीर झाली. दहावीला गणित आणि इंग्रजी असलं आणि बारावी पास असलं की शाखा कोणतीही चालते. पण थेट प्रवेश नाही. आधी क्वालिफायर. चार आठवडे चार विषय शिकवतात: इंग्रजी, गणित, स्टॅटिस्टिक्स आणि कम्प्युटेशनल थिंकिंग. दर आठवड्याला असाइनमेंट. त्यात पुरेसे मार्क पडले तर चार तासांची परीक्षा, तीही केंद्रावर जाऊन. ती निघाली की फाउंडेशन. आठ विषय, ३२ क्रेडिट. वर्षात होतात, पण तीन वर्षांपर्यंत मुभा आहे. वर्षात तीन सत्रं असतात, जानेवारी, मे आणि सप्टेंबर. पुढे दोन डिप्लोमा, मग तीन वर्षांची बीएस्सी किंवा चार वर्षांची बीएस. यातला कुठलाही टप्पा पूर्ण करून थांबलं तरी तेवढ्याचा कागद मिळतो.
फी मी भरली तेव्हा फाउंडेशनला विषयाला ४,००० होती, म्हणजे आठाचे ३२,०००. क्वालिफायरचे ३,००० वेगळे. आजचा आकडा साइटवर बघूनच घ्या. डिप्लोमाला फी वाढते, हे आत्ताच लक्षात ठेवा. नाहीतर दुसऱ्या वर्षी ओरडाल.
आणि घरबसल्या म्हणजे अभ्यास घरबसल्या. परीक्षा नाही. सत्राला दोन क्विझ आणि एक शेवटची, तिन्ही केंद्रावर, रविवारी.

निवृत्त_मास्तर
३१ वर्षं गणित शिकवले. फाउंडेशन म्हणजे पाया, आणि तो एका वर्षात होत नसतो. एसपी घेऊन गणित टाळायचे आणि मग डेटा सायन्स! मुलांचे सोडा, पालकांनाच कळत नाही.

भुईमूग
मास्तर, उपाय सांगा की.

निवृत्त_मास्तर
सांगतो. नववीचे बालभारतीचे गणित भाग १ काढा, पहिलाच धडा संच. मग दहावीचा भाग १: दोन चलांतील रेषीय समीकरणे, वर्गसमीकरणे, संभाव्यता, सांख्यिकी. भाग २ मधली निर्देशक भूमिती. ई-बालभारतीवर पुस्तके फुकट आहेत. उदाहरणे वहीत सोडवायची, नुसती वाचायची नाहीत. वहीच्या समासात इंग्रजी नाव लिहायचे. संच म्हणजे सेट, फलन म्हणजे फंक्शन, रेषेचा चढ म्हणजे स्लोप. मराठी माध्यमाची मुले गणितात अडत नाहीत, शब्दात अडतात.

पमाताई_नाशिक
मास्तरांना नमस्कार. गणित एकचा अभ्यासक्रम साधारण असाच सुरू होतो: संच, फलन, सरळ रेषा, वर्गसमीकरण, बहुपदी, लॉगॅरिदम. शेवटी ग्राफ थिअरी येते, म्हणजे ठिपके आणि त्यांना जोडणाऱ्या रेषा, ते मात्र नवीन असतं. हे मला सुरुवातीला कोणी सांगितलं असतं तर माझे दोन महिने वाचले असते.

थेम्सकाठची_मावशी
आमच्या इंग्लंडमध्ये हे फाउंडेशन इयर केव्हापासूनच आहे. माझ्या लेकीने २०२३ ला घेतलं, कम्प्युटर सायन्स विथ फाउंडेशन इयर, म्हणजे तीनाऐवजी चार वर्षं. ए लेव्हलला, म्हणजे इथल्या बारावीला, तिच्याकडे इतिहास, आर्ट आणि बिझनेस होतं, गणित नव्हतंच. फाउंडेशनमध्ये बीजगणित, पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा, रिपोर्ट कसा लिहायचा असं सगळं पहिल्यापासून. वर्गात तिच्याबरोबर चाळिशीचा बस ड्रायव्हर होता आणि तोच पहिला यायचा! खूप छान सोय आहे. मुलीला इकडेच का नाही पाठवत?

कृष्णाकाठ
मावशी, फी किती होती?

थेम्सकाठची_मावशी
आम्ही इथलेच म्हणून ९,२५० पौंड वर्षाला, तेही सरकारी कर्जातून. तिला बाहेरची फी लागेल, ती बरीच जास्त असते. राहायचं वेगळं.

भुईमूग
म्हणजे जवळपास दहा लाख, तेही घरच्यांना. काकांचं बजेट सत्तर हजार रुपये आहे, मावशी. रुपये.

थेम्सकाठची_मावशी
माहिती दिली हो. उपयोग कोणालाही होऊ शकतो.

रॅम_वाढवा
कुणीही महत्त्वाचं बोलत नाहीये. लॅपटॉप! १६ जीबीच्या खाली बघूही नका. मी ८ जीबी घेतला आणि वर्षभर रडलो. एसएसडी ५१२. स्क्रीन मॅट. साठ-पासष्टपर्यंत चांगला मिळेल.

भुईमूग
मग फीला पाच हजार उरले.

रॅम_वाढवा
फी हप्त्याने भरता येते का बघा. लॅपटॉपमध्ये तडजोड नको.

पमाताई_नाशिक
फाउंडेशनला ब्राउझर चालला तरी पुरतं. व्हिडिओ बघायचे, असाइनमेंट भरायची, पायथन ब्राउझरमध्येच चालतं. मी मुलाचा जुना ४ जीबीचा वापरला. आवाज यायचा गिरणीसारखा, पण चालला. फक्त कॅमेरा आणि माइक चालू असायला हवेत.

रात्रपाळी
मी नापास झालेला माणूस बोलतोय, तेव्हा जरा ऐका. एमआयडीसीत रात्रपाळी करून फाउंडेशन करत होतो. गणित, स्टॅट निघाले. पायथनला अडकलो. त्यात ओपीपीई म्हणून परीक्षा असते. समोर कॅमेरा, वेळ लावलेली, प्रोग्राम तिथल्या तिथे लिहायचा. मी सगळे व्हिडिओ दोनदा बघितले होते. हाताने लिहिलेले प्रोग्राम मोजून अकरा.
प्रश्न सोपा होता, यादीतला सगळ्यात मोठा आकडा काढा. मी मोठा = ० असं धरून सुरुवात केली. समोर दिलेली उदाहरणं पास झाली. मागे लपवलेल्या टेस्ट केसमध्ये, म्हणजे तपासणीच्या उदाहरणांत, एक यादी सगळी उणे आकड्यांची होती, कुठल्याशा थंड गावाचं तापमान. उत्तर यायला हवं होतं उणे तीन, माझा प्रोग्राम म्हणतोय शून्य. शून्य त्या यादीत नव्हताच. असे दोन प्रश्न गेले आणि सत्र गेलं. विषयाची फी परत भरली. त्याआधी एका क्लासला १८ हजार दिले होते, ते वेगळे. क्लासने फक्त तेच व्हिडिओ हिंदीत सांगितले. क्लास लावू नका.

टकाटक_तुषार
म्हणूनच म्हणतो, समोर शिक्षक असलेलं कॉलेज बरं.

साखरकारखाना
मूळ प्रश्नावर कोणी बोलत नाहीये. ही खरी आयआयटी नव्हे. जेईई नाही, कॅम्पस नाही. उद्या कंपनीवाले विचारतील तेव्हा कळेल. माझ्या साडूचा मुलगा खऱ्या आयआयटीत आहे, खरगपूरला.

पमाताई_नाशिक
पदवी आयआयटी मद्रासचीच आहे. बीटेक नाही, हे त्यांच्या साइटवरही स्पष्ट आहे आणि मीही कुणाला बीटेक म्हणून सांगत नाही. कॅम्पस म्हणाल तर दरवर्षी चेन्नईला पॅराडॉक्स नावाचा महोत्सव असतो, मी जाऊन आले. इथल्या मुलांची हाउसेसही आहेत, जंगलांची नावं दिलेली. आमच्या हाउसमध्ये एकजण बँकेतून निवृत्त झालेले आहेत. साडूच्या मुलाला शुभेच्छा.

साखरकारखाना
वाद घालायचा नाही. मत सांगितलं.

चकली
बीसीएला सीईटी कधीपासून आली? आमच्या वेळी फॉर्म भरला की झालं.

भुईमूग
२०२४ पासून. एआयसीटीईकडे, म्हणजे केंद्राच्या तंत्रशिक्षण परिषदेकडे, गेलं ना बीसीए, बीबीए. पण बऱ्याच कॉलेजांनी नाव बदलून जवळपास तोच अभ्यासक्रम ठेवलाय, त्याला सीईटी लागत नाही. काका, कराड-साताऱ्यात फिरून विचारा, अभ्यासक्रमाची यादी हातात मागून घ्या. माझं मत: असला एखादा कोर्स धरा आणि सोबत मद्रासची क्वालिफायर द्या. एकाच वेळी दोन पदव्या चालतात, यूजीसीने २०२२ मध्ये परवानगी दिली आहे.

पमाताई_नाशिक
भुईमूगला अनुमोदन. आणि कृष्णाकाठ, एक राहिलं. घरचं उत्पन्न पाच लाखांच्या आत असेल आणि ईडब्ल्यूएस किंवा नॉन-क्रिमीलेअरचा दाखला असेल तर फीत चांगली सवलत आहे. दाखला आत्ताच टाका. जूनमध्ये सेतूत उभं राहायला जागा नसते. ईडब्ल्यूएसचा चालू आर्थिक वर्षाचा लागतो, जुना दाखवू नका.

रॅम_वाढवा
दाखल्यात फी वाचली तर ते पैसे रॅममध्ये घाला.

अनामिक_अंबेजोगाई
माझंही मत भुईमूगसारखंच. सोबत बीसीएसारखं काही करा, मद्रासची द्या, दाखला काढा, क्लास लावू नका.

निवृत्त_मास्तर
आणि गणित सोडवा.

कृष्णाकाठ
सगळ्यांचे आभार. दहा दिवसांनी येतोय. ठरलं ते सांगतो, रागावू नका.
मुलगी बीकॉमला जातेय, इथेच, सकाळचं कॉलेज. तुम्ही सगळे बीसीए म्हणत होता, दोन कॉलेजं बघितलीही. नाव बदललेला कोर्स आहे, फी आमच्या बाहेर. शिवाय ती म्हणाली, दुकानाचं जीएसटी मलाच भरायचंय, ते तरी नीट शिकते. मद्रासची क्वालिफायर भरली. आधी ती होऊ दे. निघाली तर पहिल्या सत्राला दोनच विषय घेणार, पमाताईंशी व्यक्तिगत बोलणं झालं त्याप्रमाणे. ईडब्ल्यूएसचा अर्ज टाकलाय, तलाठ्याकडे दोन चकरा झाल्या. लॅपटॉप भाच्याचा जुना, ८ जीबी, अकरा हजारांना. रॅमवाले भाऊ, माफ करा. परीक्षेला केंद्र पुणे टाकलंय, पहाटेची एसटी धरू.
मास्तर, नववीचं पुस्तक काउंटरवर आहे. संच संपले.
एक गंमत सांगतो. कम्प्युटेशनल थिंकिंगमध्ये सुरुवातीला कम्प्युटरच नाही. सर हातात कार्डं घेऊन बसतात, त्यातली काही दुकानाची बिलंच. हिने आमच्या तारेला लावलेली दिवसाची बिलं काढली आणि काउंटरवर गड्डी केली. एकेक बिल उचलायचं, आकडा बघायचा, दुसऱ्या गड्डीत टाकायचं. बाजूला पाटीवर एकच आकडा, आत्तापर्यंतचा सगळ्यात मोठा. त्याहून मोठा आला की पुसून नवीन. पहिली गड्डी संपली की पाटीवर राहील ते उत्तर. १,८४० निघालं, लग्नघरचं बिल होतं. मी म्हटलं, हे तर मी तसंही सांगितलं असतं. ती म्हणाली, पप्पा, दहा हजार बिलं असती तर?

रॅम_वाढवा
अकरा हजार ठीक, पण बॅटरी तपासली का? सेकंडहँडमध्ये तिथेच मरण असतं. चार्जर ओरिजिनल आहे ना?

पमाताई_नाशिक
छान! क्वालिफायरच्या रविवारी डबा घरचा द्या, चार तास बसायचं असतं.

साखरकारखाना
बीकॉम करून काय होणार.

रात्रपाळी
दादा, पाटीवर सुरुवातीला काय लिहिलं होतं तिने?

कृष्णाकाठ
शून्य.

रात्रपाळी
तिला सांगा, पहिल्या बिलाचा आकडा लिहायचा. शून्य नाही. सगळ्या चिठ्ठ्या माल परतीच्या, उणे आकड्यांच्या, निघाल्या तर?

कृष्णाकाठ
सांगितलं. आधी म्हणाली, परतीच्या चिठ्ठ्या वेगळ्या तारेला असतात. मग जरा वेळाने पाटी पुसून पहिल्या बिलाचा आकडा लिहिला. आणि सगळ्याच परतीच्या निघाल्या, तर त्या दिवशी मी दुकान बंद करीन.